दिल्लीचे डॉक्टर आणि तुर्कस्तानचे जखमी

रमजानचे अर्धे रोजे झाले की घरोघरी जकातीचा हिशेब सुरू होतो. सोने किती, शिल्लक किती, देणे किती, आणि त्यातून अडीच टक्के कोणाच्या वाट्याचे. हिशेब जमला की खरा प्रश्न पुढे येतो: द्यायचे कोणाला? गल्लीतल्या विधवेला, गावाकडच्या आजारी चुलत भावाला, की दूर कुठल्याशा देशात युद्धात होरपळलेल्या, कधी न पाहिलेल्या माणसाला? जवळचा गरजू आधी, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. पण दूरच्या माणसाची हाक कानावर आली आणि ती ऐकूनही आपण स्वस्थ बसलो, तर सहेरीचा घास घशाखाली नीट उतरत नाही, हेही खरे.

एकशे दहाहून अधिक वर्षांपूर्वी हाच प्रश्न दिल्लीतल्या एका तरुण शल्यचिकित्सकापुढे उभा राहिला होता. त्यांचे नाव डॉ. मुख्तार अहमद अन्सारी. काँग्रेसचे अध्यक्ष, जामिया मिल्लिया इस्लामियाचे एक आधारस्तंभ, गांधीजींचे मित्र आणि वैद्य, म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे. जुन्या दिल्लीत दर्यागंजमधल्या अन्सारी रोडवर पुस्तके घ्यायला जाणाऱ्यांना ते नाव रोज दिसते. पण ते पुढारी होण्याआधी डॉक्टर होते आणि शेवटच्या दिवसापर्यंत डॉक्टरच राहिले. गुलाम देशातून, लोकांच्या वर्गणीवर, परदेशातल्या जखमींसाठी एक पूर्ण वैद्यकीय पथक घेऊन जाणारे डॉक्टर.

गाजीपूर ते लंडन

मुख्तार अहमद यांचा जन्म २५ डिसेंबर १८८० रोजी आजच्या उत्तर प्रदेशातील गाजीपूर जिल्ह्यात, युसुफपूर येथे झाला. घराण्यात हिकमत होती. त्यांचे वडीलबंधू हकीम अब्दुल वहाब अन्सारी पुढे हकीम नाबीना या नावाने प्रसिद्ध झाले. त्यांना दृष्टी नव्हती, पण नाडीवर बोट ठेवले की रोग ओळखतात अशी त्यांची ख्याती होती. शायर इक्बाल यांच्यासारखे रुग्ण त्यांच्याकडून औषध घेत. एका भावाने युनानीची वाट धरली, तर दुसरा मद्रासच्या मेडिकल कॉलेजात शिकून निजाम सरकारच्या शिष्यवृत्तीवर विलायतेला गेला.

इंग्लंडमध्ये मुख्तार अहमद यांनी वैद्यक आणि शल्यचिकित्सा या दोन्हींतल्या वरच्या पदव्या मिळवल्या. लंडनच्या लॉक हॉस्पिटलमध्ये आणि चेअरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये त्यांनी काम केले. हिंदुस्थानी तरुणाने लंडनच्या रुग्णालयात इंग्रज रुग्णांवर शस्त्रक्रिया करणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. राज्य करणारे आणि राज्य सोसणारे यांच्यात सगळीकडे भिंत होती. पण शस्त्रक्रियेच्या टेबलावर आडवा झालेल्या माणसाला हात कसबी आहे की नाही एवढेच महत्त्वाचे असते. हा अनुभव डॉ. अन्सारींना पुढे आयुष्यभर पुरला.

१९१० च्या सुमारास ते मायदेशी परतले आणि दिल्लीत त्यांनी दवाखाना थाटला. विलायतेत शिकलेला, हातगुण असलेला डॉक्टर म्हणून थोड्याच काळात नाव झाले. अमीर-उमराव, नवाब, व्यापारी असे बडे रुग्ण येऊ लागले. पुढची वीस-पंचवीस वर्षे सुखात जातील अशी सगळी सोय झाली होती.

बाल्कनचे वादळ

ऑक्टोबर १९१२ मध्ये बाल्कनचे युद्ध पेटले. माँटेनेग्रो, सर्बिया, बल्गेरिया आणि ग्रीस या चार राज्यांनी उस्मानी तुर्कस्तानवर चढाई केली. आदल्याच वर्षी इटलीने त्रिपोलीवर हल्ला केलेला होता, त्या धक्क्यातून तुर्कस्तान सावरलेले नव्हते. काही आठवड्यांत तुर्की फौजा मागे रेटत थेट राजधानीच्या दाराशी, चताल्जाच्या संरक्षक फळीपर्यंत आल्या. इस्तंबूल तिथून काही तासांच्या वाटेवर होते.

तोफगोळ्यांपेक्षा मोठा शत्रू मात्र वेगळाच होता. चताल्जाच्या छावण्यांत कॉलरा शिरला. दूषित पाणी, चिखल, थंडी, उपाशी सैनिक आणि त्यांच्या मागोमाग बैलगाड्यांतून आलेली लाखो निर्वासित माणसे. रुग्णालये भरली, शाळा भरल्या, आणि शेवटी आया सोफियासारख्या मोठ्या मशिदींच्या फरशीवर रुग्ण निजवावे लागले. प्रतिजैविके अजून जन्मालाही आलेली नव्हती. जखम धुणे, जंतुनाशक लावणे, गोळी काढणे, सडलेला अवयव वेळेत कापणे, पाणी उकळून पाजणे आणि रात्रभर उशाशी जागणे, एवढीच शस्त्रे होती. ही कामे करायला माणसे लागतात. आणि माणसेच कमी होती.

या बातम्या हिंदुस्थानात पोहोचल्या तेव्हा मुसलमान समाज हेलावून गेला. मौलाना मोहम्मद अली यांच्या कॉम्रेड या साप्ताहिकाने मदतीची हाक दिली. शहरोशहरी, गावोगावी वर्गणी जमू लागली. पैशांबरोबर माणसेही पाठवावीत, औषधे आणि अवजारे घेऊन एक सुसज्ज पथक जावे, असे ठरले. त्याचे नेतृत्व डॉ. अन्सारी यांनी करावे असेही ठरले.

इथे थोडे थांबायला हवे. कारण आक्षेप घेणाऱ्याला आक्षेपासाठी जागा होती. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेल्या प्लेगने तोवर देशभर लाखो बळी घेतले होते. कॉलरा दरवर्षी यायचा. खेड्यांत डॉक्टर नव्हते, शहरांत ते गरिबाला परवडत नव्हते. घर जळत असताना दुसऱ्याच्या अंगणात पाणी घेऊन कशाला धावायचे, असे कोणी विचारले असते तर त्याला वेडगळ म्हणता आले नसते.

डॉ. अन्सारींनी या प्रश्नावर व्याख्यान दिल्याचे माहीत नाही, त्यांच्या आयुष्याने मात्र उत्तर दिले. त्यांनी चालता दवाखाना बंद केला आणि डिसेंबर १९१२ मध्ये मुंबईच्या बंदरातून पथकासह जहाजावर पाय ठेवला. त्या महिन्यात त्यांना बत्तिसावे वर्ष पूर्ण होत होते.

तंबूतला दवाखाना

डॉक्टर, मलमपट्टी करणारे आणि मदतनीस मिळून हे पथक दोन डझनांच्या आसपास होते. त्यात अलीगढ कॉलेजचे तरुण होते. चौधरी खलीकुज्जमा, शुएब कुरेशी, अब्दुर रहमान सिद्दिकी ही पुढे राजकारणात गाजलेली नावे तेव्हा विशीतली मुले होती. आणखी एक होता पेशावरचा अब्दुर रहमान. शिक्षण अर्धवट सोडून, स्वतःजवळच्या वस्तू विकून तो या पथकात सामील झाला, असे सांगतात. या मुलांपैकी बहुतेकांनी त्याआधी कधी जखम धुतली नव्हती. पट्टी कशी बांधायची, रुग्ण कसा उचलायचा, कॉलऱ्याच्या रुग्णाचे कपडे कसे निकालात काढायचे, हे सगळे त्यांना शिकावे लागले.

इस्तंबूलला पोहोचल्यावर त्यांनी तुर्कस्तानच्या हिलाल-ए-अहमर म्हणजे रेड क्रिसेंट संस्थेच्या बरोबरीने काम सुरू केले. चताल्जाच्या आघाडीमागे ओमेर्ली येथे त्यांचे तंबूंचे रुग्णालय उभे राहिले. पुढे दार्दनेल्सच्या सामुद्रधुनीवरच्या चनक्कले येथेही त्यांनी रुग्णसेवा केली. हिवाळा कडक होता. फेब्रुवारी १९१३ मध्ये तह मोडून युद्ध पुन्हा भडकले आणि जखमींचा ओघ पुन्हा सुरू झाला. मार्चच्या अखेरीस एदिर्ने पडले.

डॉ. अन्सारी शस्त्रक्रिया करत, पथकाची व्यवस्था पाहत, तुर्की अधिकाऱ्यांशी बोलणी करत आणि वेळ काढून कॉम्रेडसाठी पत्रेही लिहीत. ज्यांनी आणे-पैसे दिले होते त्यांना तो पैसा कुठे गेला हे कळलेच पाहिजे, हा त्यामागचा एक हेतू. आज कोणत्याही मदतनिधीच्या विश्वस्तांनी घ्यावा असा हा धडा आहे. वर्गणी देणारा गरीब असेल तर हिशेबाचा त्याचा हक्क श्रीमंताहून जास्त असतो.

जखमींवर उपचार करताना पथकाला निर्वासितांचे हालही दिसत होते. बाल्कनमधून उखडून आलेली कुटुंबे अनातोलियात वसवता येतील का, याच्या योजनांतही डॉ. अन्सारींनी लक्ष घातले. जखम बरी झाली तरी जायला घर नसेल, प्यायला शुद्ध पाणी नसेल, तर तोच माणूस महिन्याभरात पुन्हा खाटेवर येतो. हे डॉक्टरला सर्वांत आधी कळते.

या मोहिमेतली सर्वांत मोठी गोष्ट आकड्यांत मोजण्यासारखी नाही. तोवर मदत नेहमी वरून खाली यायची. युरोपातले मिशनरी डॉक्टर पूर्वेकडे यायचे, पूर्वेकडच्यांनी हात जोडून उपचार घ्यायचे. इथे उलटे झाले. स्वतः परकीय सत्तेखाली असलेल्या, स्वतःच्याच घरात रोगराईने गांजलेल्या लोकांनी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या डॉक्टरांच्या हाताखाली, दुसऱ्या देशाच्या आरोग्यसेवेला खांदा दिला. ते मालक म्हणून गेले नाहीत आणि याचक म्हणूनही नाहीत. तिथल्या संस्थेला बाजूला न सारता तिच्या जोडीने राबले. आज ज्याला देशादेशांतली वैद्यकीय भागीदारी म्हणतात, तिचा पाया यापेक्षा वेगळा काय असतो?

जुलै १९१३ मध्ये पथक मायदेशी परतले. पुढच्याच महिन्यात रमजान आला. पेशावरचा अब्दुर रहमान मात्र परतला नाही. तो तिथेच राहिला, तुर्की फौजेत गेला, पुढे नव्या अंकारा सरकारचा अफगाणिस्तानातला दूत झाला. १९२५ मध्ये इस्तंबूलमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. मारेकऱ्यांनी त्याला चुकून तुर्की नेते रऊफ बे समजले, असे मानले जाते. मलमपट्टी शिकायला गेलेला तरुण त्याच मातीत मिसळून गेला.

खिलाफत गेली, माणूस राहिला

तुर्कस्तानहून परतलेले डॉ. अन्सारी आता केवळ डॉक्टर राहिले नव्हते. १९१६ च्या लखनौ कराराच्या वेळी हिंदू-मुस्लिम समझोत्यासाठी ते झटले. खिलाफतीच्या चळवळीत ते पुढे होते. डिसेंबर १९२० मध्ये मुस्लिम लीगचे अधिवेशन आपल्या नागपुरात भरले, त्याचे अध्यक्ष डॉ. अन्सारीच होते. त्याच दिवसांत नागपुरात काँग्रेसचेही अधिवेशन होते आणि असहकाराच्या ठरावावर तिथेच शिक्कामोर्तब झाले.

मग मार्च १९२४ उजाडला. ज्या खिलाफतीसाठी हिंदुस्थानातले लाखो लोक रस्त्यावर उतरले होते, ती खुद्द तुर्कस्ताननेच मोडीत काढली. इथल्या अनेकांच्या पायाखालची जमीन सरकली. कित्येक जण कडवट झाले, कित्येक जण एकमेकांवर उलटले. देशात दंगली सुरू झाल्या.

डॉ. अन्सारींसाठीही हा घाव लहान नव्हता. पण एक गोष्ट त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नव्हते. खिलाफत गेली म्हणून ओमेर्लीच्या तंबूत बांधलेल्या जखमा खोट्या ठरल्या नाहीत. राजकीय स्वप्नासाठी केलेले काम त्या स्वप्नाबरोबर बुडते. माणसाचा जीव वाचवण्यासाठी केलेले काम बुडत नाही. कदाचित त्यामुळेच त्यांच्यात कडवटपणा शिरला नाही. ते आणखी ठामपणे एकीच्या बाजूला उभे राहिले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दंगलींनी व्यथित होऊन गांधीजींनी दिल्लीत, मौलाना मोहम्मद अलींच्या घरी, २१ दिवसांचे उपोषण केले. तेव्हा त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणारे डॉक्टर होते अन्सारी. पुढे मे १९३३ मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून सुटल्यावर गांधीजींनी पुण्यात, पर्णकुटी या बंगल्यात, पुन्हा २१ दिवसांचे उपोषण केले, तेव्हाही डॉ. अन्सारी पुण्यात त्यांच्या उशाशी होते. उपवास काय असतो हे रोजे ठेवणाऱ्याला कळते. दुसऱ्याचा उपवास पाहणे, त्याची नाडी मोजणे, त्याच्या निश्चयाचा मान राखून त्याचा जीवही राखणे, हे त्याहून कठीण. डॉक्टरच्या हातातला हा विश्वास धर्म विचारून दिला गेला नव्हता.

दोस्तीची किंमत

डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. अन्सारी मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांचे ज्येष्ठ सोबती हकीम अजमल खान यांचे निधन झाले. एक युनानीचा उस्ताद, दुसरा विलायती शस्त्रक्रियेतला निष्णात, पण दोघांनी मिळून दिल्लीत एक काम उभे केले होते. १९२० मध्ये अलीगढला सुरू झालेली जामिया मिल्लिया बंद पडण्याच्या बेतात असताना १९२५ मध्ये त्यांनी ती दिल्लीत करोलबागला आणली. अजमल खान गेल्यावर जामियाच्या अमीरपदाची जबाबदारी डॉ. अन्सारींवर आली. तिजोरी रिकामी होती. डॉ. झाकीर हुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षे, महिना दीडशे रुपयांहून अधिक पगार न घेता शिकवण्याची शपथ घेतली, आणि डॉ. अन्सारी संस्थेसाठी निधी जमवत फिरत राहिले.

राजकारणात मात्र त्यांची वाट दिवसेंदिवस एकाकी होत गेली. नेहरू अहवालाच्या वादात जुने मित्र दुरावले. खिलाफतीच्या दिवसांत ज्या अली बंधूंच्या खांद्याला खांदा लावून ते लढले होते, ते आता दुसऱ्या बाजूला होते. त्यांच्या पथकातली तरुण मुलेही पुढे लीगच्या वाटेने गेली; खलीकुज्जमा आणि सिद्दिकी फाळणीनंतर पाकिस्तानात मोठ्या पदांवर पोहोचले. दुसरीकडे, हिंदू-मुस्लिम समझोता झाल्याशिवाय १९३० चा कायदेभंग सुरू करू नये, असे डॉ. अन्सारींचे स्पष्ट मत होते आणि ते त्यांनी गांधीजींनाही कळवले. मत मानले गेले नाही. तरीही लढा सुरू झाल्यावर ते बाजूला बसले नाहीत, तुरुंगात गेले. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला त्यांनी यावे अशी गांधीजींची इच्छा होती, पण सरकारने त्यांना बोलावले नाही. देशातल्या मुसलमानांच्या वतीने एकीची भाषा बोलणारा मुसलमान त्या मेजावर कोणाला नको होता, हे समजायला फार विचार करावा लागत नाही.

या सगळ्या धकाधकीत दवाखाना सुरूच होता. दर्यागंजमधले त्यांचे घर दार-उस-सलाम हे एकाच वेळी पाहुण्यांची सराई, राजकीय खलबतखाना आणि रुग्णांचे आशास्थान होते. शस्त्रक्रियेतले नवे प्रयोग ते वाचत, स्वतः करून पाहत. ग्रंथींच्या रोपणावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३५ मध्ये निघाले.

त्याच १९३५ मध्ये दार-उस-सलाममध्ये एक खास पाहुणी उतरली. तुर्की लेखिका हालिदे एदिब. आपल्या देशाच्या स्वातंत्र्ययुद्धात त्यांनी परिचारिकेचेही काम केले होते. डॉ. अन्सारींच्या निमंत्रणावरून त्यांनी जामियात व्याख्यानमाला दिली. त्याआधी १९३३ मध्ये रऊफ बे यांनीही जामियात व्याख्याने दिली होती. तेच रऊफ बे, ज्यांच्या वाटणीच्या गोळ्या पेशावरच्या अब्दुर रहमानने झेलल्या असे मानतात. बावीस वर्षांपूर्वी औषधाच्या पेट्या घेऊन गेलेल्या माणसाच्या घरी आता तिकडून विचार घेऊन पाहुणे येत होते. मदत एकतर्फी राहिली की तिचे उपकार होतात. येणे-जाणे राहिले की तिचे नाते होते.

शेवटचा प्रवास

डॉ. अन्सारींचे हृदय बरेच दिवस कुरकुरत होते. इतरांना विश्रांतीचा सल्ला देणाऱ्या या डॉक्टरने स्वतः तो फारसा पाळला नाही. मे १९३६ मध्ये मसुरीहून दिल्लीला परतताना, १० मे रोजी, आगगाडीतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५५. डब्यात सोबतीला औषधांची पेटी असेलही, पण ती चालवणारा हात थांबला होता. त्यांना जामियाच्या आवारात दफन करण्यात आले. ज्या संस्थेसाठी दारोदार फिरले तिथेच शेवटची जागा मिळाली.

दोन वर्षांनी, सप्टेंबर १९३८ मध्ये, मुंबईच्याच बंदरातून आणखी एक वैद्यकीय पथक निघाले. या वेळी जपानच्या आक्रमणाखाली भरडलेल्या चीनकडे. त्या पाच डॉक्टरांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस परतले नाहीत, ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच त्यांनी प्राण सोडला. त्यांची कहाणी महाराष्ट्रातल्या पोराटोरांना ठाऊक आहे. पण ज्या वाटेने ते गेले त्या वाटेवर पंचवीस वर्षे आधी पावले उमटली होती, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. पहिल्या पथकात जाणारे आणि ज्यांच्याकडे ते गेले ते एकाच धर्माचे होते, हे खरे. दुसऱ्या पथकाच्या वेळी तोही धागा उरला नव्हता. जखमी माणूस आणि डॉक्टर, एवढेच नाते होते. आपुलकीची सुरुवात अनेकदा आपल्यांपासून होते. ती तिथेच थांबली नाही, तर तिचा प्रवास खरा.

आता पुन्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. जवळचा की दूरचा? डॉ. अन्सारींनी दूरच्या जखमींसाठी दवाखाना बंद केला आणि परतल्यावर जवळच्यांसाठी आयुष्यभर तो उघडा ठेवला. तुर्कस्तानसाठी वर्गणी जमवली, मग जामियासाठीही जमवली. आधी कोण, हा वाद त्यांनी घातला नाही. ज्या दिवशी जो दारात उभा होता, त्याला ते गेले.

आजही जगाच्या एका टोकाला अवयव बदलून मिळतो आणि दुसऱ्या टोकाला साध्या सलाइनअभावी मूल दगावते. आपल्या गावातही हे अंतर आहे, तालुक्याच्या दवाखान्यापासून शहरातल्या बड्या हॉस्पिटलपर्यंत मोजून पाहावे. यंदा जकातीचा हिशेब लिहिताना एक ओळ एखाद्या रुग्णाच्या नावे लिहावी. तो शेजारचा असो वा सातासमुद्रापारचा. आणि इफ्तारच्या वेळी खजूर हातात घेऊन दुआ मागताना, औषधाची पेटी घेऊन परक्या आघाडीवर रात्रभर जागणाऱ्या त्या सगळ्यांची आठवण ठेवावी, त्यांचा धर्म कोणताही असो.